कोकणात ‘सिलेक्टिव्ह फोकस’ लेन्स घ्यावी का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हौशी छायाचित्रकारांच्या खरेदीवर आलेला लेख वाचला. फोटोतला एखादाच भाग स्पष्ट ठेवून बाकी सारं विरघळवणाऱ्या लेन्स त्यात ‘तेच काम आता मोबाइल करतो’ एवढ्या एका वाक्यात निकालात काढल्या आहेत. वेंगुर्ल्यात माझा लहानसा स्टुडिओ आहे. अशी लेन्स घ्यावी की नाही, हा विचार गेला जत्रांचा हंगामभर माझ्या डोक्यात घोळत होता. म्हणून हे पत्र.

मोबाइल ते काम करत नाही. माणूस कुठे संपतो याचा तो हिशेब मांडतो आणि मागचं पुसतो. सुटलेल्या बटा, मुकुटाच्या झिरमिळ्या अशा ठिकाणी तो हिशेब हमखास चुकतो. लेन्सबेबीसारख्या लेन्समध्ये धूसरपणा काचेतूनच येतो. 2004 साली क्रेग स्ट्राँग या छायाचित्रकाराने अमेरिकेतल्या पोर्टलंडमधून ती बाजारात आणली. हिच्यातलं फोकसचं प्रतल, म्हणजे ज्या पातळीवरचं सगळं स्पष्ट येतं ती, सपाट नसतं, वाटीसारखं वळलेलं असतं. त्यामुळे मधला भाग रेखीव येतो आणि कडेला प्रतिमा ओघळत जाते. योझेफ पेट्झवालच्या 1840 च्या पोर्ट्रेट लेन्सच्या कडाही अशाच सुटलेल्या असत. पुढे लेन्स बनवणाऱ्यांच्या पिढ्या हा दोष काढण्यात खपल्या. इथे तो मुद्दाम ठेवला आहे, आणि पुढचा भाग हाताने वाकवून स्पष्ट ठिपका हवा तिकडे नेता येतो.

कणकवलीच्या एका व्यावसायिक मित्राकडून मी लेन्सबेबीची ‘कंपोझर प्रो’ ही वाकणारी नळी आणि तिच्यात बसणारी ‘स्वीट 50’ ही भिंगं मागून आणली आणि दशावताराच्या रंगपटात घेऊन गेले. देवळाच्या कोपऱ्यात कलावंत आपापल्या पेटाऱ्यापाशी बसतात, हातात आरसा धरून स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतात. वर एक दिवा, मागे दोऱ्यांवर लटकलेले कपडे, चहाचे पेले, पिशव्या, कुणाची तरी झोपलेली पोरं. साध्या लेन्सने काढलं की ही सगळी गर्दी चेहऱ्याइतकीच मोठ्याने बोलते. इथे ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, 2.5 वर मोठं उघडं ठेवून ठिपका डोळ्यावर नेला. भुवईवर काजळ ओढणारं बोट, तो डोळा आणि आरशाची कड एवढंच रेखीव राहिलं. बाकीचा रंगपट नाहीसा झाला नाही, मागे वितळलेल्या रंगांत उरला. संकासुराचं काम करणारे काका म्हणाले, “हयसर बसा, उजेड बरो येता.” त्यांनी दाखवलेल्या जागेवरून काढलेला फोटो या हंगामातला माझा सर्वांत चांगला फोटो आहे. 4 किंवा 5.6 वर ठिपका मोठा होतो, दोन्ही डोळे आणि हात त्यात मावतात. माझ्या मते या लेन्सची खरी जागा त्या दरम्यान आहे.

नाटक सुरू झाल्यावर मात्र ती उतरवून ठेवावी लागली. ऑटोफोकस नाही, ॲपर्चर हाताने फिरवायचं, त्यातच सांधा वाकवायचा. युद्धाच्या प्रवेशात गिरक्या घेणारा नट तोवर थांबत नाही. मिररलेस कॅमेऱ्यात चित्र मोठं करून फोकस साधता येतो, पण ही लेन्स लावलेली कॅमेऱ्याला कळत नाही, म्हणून लेन्स लावलेली नसतानाही शटर चालू देणारं सेटिंग आधी सुरू करावं लागतं. विकत घेणाऱ्याला दुकानदाराने हे सांगायलाच हवं. लग्नात तर मी ती वापरणार नाही. घरच्या मंडळींना प्रत्येक चेहरा हवा असतो आणि ते रास्तच आहे. कडेला ओघळलेली आत्या नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत रेखीव होत नाही.

आता इथल्या हवेचं. खरेदीवरच्या लेखांत हा मुद्दा कधीच नसतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींना ओल येते. काळोखात, चामड्याच्या नाहीतर कापडी पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशीची जाळी धरते आणि ती काचेवरचा लेपही खाते. रोज वापरातली लेन्स त्या मानाने वाचते. हौसेची लेन्स दोन महिन्यांत जुनी वाटू लागते, कपाटात जाते आणि पावसाळ्यात खराब होते. त्यात हिचा सांधा उघडा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना वाळूत बसून फोटो काढायचे असतील, तर तिथे ही नेऊच नये. जुनी लेन्स घेणाऱ्यांनी मागून टॉर्चचा उजेड टाकून आत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल लागतंच. जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करायचं.

म्हणून हौशी मंडळींना माझं सांगणं एवढंच: नेमका कशाचा फोटो काढायला ती हवी, हे सांगता येत नसेल तर घेऊ नका. मला ते सांगता येतं. मी ‘स्वीट 50’ घेणार आहे, केवळ रंगपटासाठी. पावसाळ्यात ती पडून राहू नये म्हणून सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणारे हात टिपायचं ठरवलं आहे.

पुरवणीला विनंती, की मे महिना संपण्याआधी किनारपट्टीवर कॅमेरा आणि लेन्स कशा जपाव्यात यावर दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या अनुभवी कारागिराकडून लेख लिहून घ्यावा.

आपली,
एक स्टुडिओचालक, वेंगुर्ले