अंबाडी म्हणजे भांग नव्हे

महोदय,

भांगेच्या बातमीसोबत छायाचित्र छापताना झाड नीट ओळखावे, ही कळकळीची विनंती. अंबाडीचे शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी; त्यामुळे गल्लत होते. पानांचे काठ दोन्हींचे करवती, तेव्हा त्यावर विसंबू नये. अंबाडीचे पान कितीही खोल कापलेले दिसले तरी एकसंध असते. फूल मोठे, फिकट पिवळे, मध्यभागी गडद लाल.

भांगेचे, म्हणजे कॅनाबिस सॅटिव्हाचे, पान संयुक्त: एकाच बिंदूतून फुटलेल्या, बहुधा 5 ते 9 अरुंद पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे भाग. पाने बुंध्याकडे समोरासमोर, शेंड्याकडे एकाआड एक. फुले बारीक, हिरवट. नर-मादी झाडे सहसा वेगळी. नर सडपातळ, पराग झडताच आधी वाळतो. रोपाच्या पहिल्या खऱ्या (बीजदलांनंतर येणाऱ्या) पानांत मात्र पर्णिका एकच असते, तिथे जाणकारही फसतात.

– वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक