‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पण जाऊ नका’ म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमच्या सेंटरमध्ये रोज इतक्या बायका येऊन जातात की चेहऱ्याने मी तुम्हाला आठवणार नाही. गाठीने कदाचित आठवेन. डावा स्तन, काखेकडचा वरचा भाग, 9 मिलिमीटर. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, किमो लागली नाही, आता रोज एक गोळी चालू आहे. हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. निदान करणाऱ्या डॉक्टरकडे पेशंट परत फिरकत नाही, पेढे सगळे सर्जनकडे जातात.

मला त्रास असा काहीच नव्हता. मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता म्हणून चाळिशी उलटल्यावर आईने मागे लागून पाठवलं, एवढंच. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, मशीनवरच्या ताईंनी ‘श्वास रोखा’ म्हणत दोन्ही बाजूंचे फोटो काढले. (दुखतं म्हणतात ते खरं आहे, पण घटकाभरच.) काही सापडलं नाही असं कळलं, आमचे हे गाडीची किल्ली काढून उभेही राहिले, तेवढ्यात तुम्ही आतून आलात आणि म्हणालात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पण जाऊ नका. सोनोग्राफी करून घेऊ.’

ह्यांना वाटलं, बिल वाढवताहेत. तसं ते बोललेही. तुम्ही चिडला नाहीत. आम्हा दोघांना आत नेऊन स्क्रीनवर माझा फोटो दाखवलात. चरबी काळसर दिसते, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांच्या भोवतीचे तंतू पांढरे दिसतात, आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. माझा फोटो बहुतेक सगळा पांढराच होता. ‘तांदूळ निवडताना काळा खडा लगेच सापडतो, पांढरा खडा दाताखाली आल्यावर कळतो,’ असं तुम्ही म्हणालात. ह्यांनी किल्ली खिशात टाकली ती त्या वाक्याला.

मग तुम्ही रिपोर्टमधल्या ‘सी’ या अक्षराभोवती पेनाने गोल केलात. घनतेचे चार गट असतात, ए ते डी. सी आणि डी म्हणजे स्तन दाट, चरबी कमी आणि ग्रंथी-तंतू जास्त, आणि चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या बायका या दोन गटांत मोडतात. म्हणजे हा काही आजार नव्हे. मात्र दाटपणामुळे गाठ लपते, आणि कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो. हाताला कडक किंवा मऊ लागण्याशी याचा संबंध नाही, ते मॅमोग्राफीतच कळतं. मला आजवर हे कुणीच सांगितलं नव्हतं. मावशीच्या रिपोर्टांवरही हे अक्षर असेल, पण ते कुणी वाचून दाखवलं नाही.

सोनोग्राफीत ग्रंथी पांढरट आणि गाठ काळी दिसते, म्हणून तिथे सापडली. तुमचा हात एके ठिकाणी थांबला, थोडा मागे आला, पुन्हा तिथेच गेला. तुम्ही काही बोलला नाहीत, पण शेजारच्या मुलीला फक्त माप लिहून घ्यायला सांगितलंत, तेव्हाच मला कळलं.

पुढे घरी बसून बरंच वाचलं. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये नॅन्सी कॅपेलो नावाच्या बाई होत्या. दरवर्षी मॅमोग्राफी, दरवर्षी नॉर्मल. 2004 मध्ये डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली, ती मॅमोग्राफीत दिसेना, सोनोग्राफीत दिसली. तोवर कॅन्सर काखेतल्या 13 लसिका ग्रंथींत पोचला होता. स्तन दाट असल्याचं डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. त्या भांडल्या, आणि 2009 मध्ये त्यांच्या राज्यात हे पेशंटला कळवण्याचा कायदा झाला. सगळ्या अमेरिकेत ते बंधनकारक व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला. नॅन्सीबाई 2018 मध्येच गेल्या होत्या. तुमच्यावर अशी कुणाची सक्ती नव्हती. तुम्हाला पुढचा पेशंट घेता आला असता.

दुसरी एक गोष्ट मला आवडली. सोनोग्राफीत निरुपद्रवी गाठीही सापडतात, उगीच बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणी) होते, जीव टांगणीला लागतो, हेही तुम्ही आधीच सांगून टाकलंत. आणि सोनोग्राफी मॅमोग्राफीच्या जोडीला करायची, तिच्याऐवजी नाही, कारण कॅल्शियमचे बारीक कण, जे कधीकधी कॅन्सरची पहिली खूण असतात, मॅमोग्राफीतच नीट दिसतात. ‘आता ते दाबायचं मशीन नको’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हेच ऐकवते.

आईने तेव्हा विचारलं होतं, गावात मशीनच नाही, तिथल्या बायकांनी काय करायचं? तुम्ही तिला टाटा मेमोरियलचा मुंबईतला अभ्यास सांगितलात. दीड लाख बायका, वीस वर्षं. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांमधले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. आईने ते गावातल्या आशाताईंना तसंच्या तसं सांगितलं, आकड्यासकट. आता त्या उपकेंद्राच्या सिस्टरच्या मागे लागल्या आहेत.

पुढच्या महिन्यात माझी वर्षाची मॅमोग्राफी आहे. सोबत जाऊबाईंना आणते आहे. त्यांचे जुने रिपोर्ट पिशवीत भरून ठेवलेत, त्यांतल्या एकावर ‘डी’ आहे आणि पुढे कुणी काही केलेलं नाही. जमलं तर दोघींना सकाळचीच वेळ द्या, दुपारी त्यांची शाळा असते.

आपली कृतज्ञ,
एक पेशंट, सांगली