जाहीर आभार : लॅपटॉपच्या पंख्याचं आधी ऐकून घेणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला फारसे रुचत नाहीत, हे ठाऊक आहे. "पार्टचे पैसे दिलेत ना, मग झालं की," म्हणून तुम्ही विषय मिटवला होता. तरी हे पत्र लिहितो आहे, आणि तेही जाहीर. कारण हात चालवता चालवता तुम्ही जे बोलत होता ते एकट्या माझ्या कामाचं नव्हतं. लॅपटॉपच्या पंख्याने डोकं उठलेली माणसं माझ्या ओळखीतच बरीच आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना कोणी ना कोणी "नवीन घेऊन टाका" एवढंच सांगितलेलं आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. माइक आणि लॅपटॉप एकाच टेबलावर. वाचनाला जरा लय आली की पंख्याची घरघर सुरू. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर लावलं तर घरघर जाते, पण तिच्याबरोबर 'स' आणि 'श'सुद्धा झिजतात, बोलणं पोकळ होतं. ज्याला पान डोळ्यांनी ताडून बघता येत नाही त्याच्या हाती असली फाइल देणं मला पटत नव्हतं. तुमच्याआधी ज्यांना मशीन दाखवलं त्यांनी आवाज न ऐकताच फॉरमॅट मारून दिला. पंखा जिथल्या तिथे.

तुम्ही मात्र स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाहीत. "आवाज कसा येतो, तोंडाने काढून दाखवा," म्हणालात. मी सूं सूं, घर्र, टिर्र सगळं काढून दाखवलं आणि तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकलंत. मग सांगितलंत की हे तीन वेगळे आवाज आहेत आणि तिघांचं औषध वेगळं. ही वाटणी मी आता भेटेल त्याला सांगत सुटतो, म्हणून इथेही लिहितो.

पहिला नुसता वाऱ्याचा. पंखा जोरात फिरतो, हवा जाळीतून आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्यांच्या फटींतून घुसते, तिचा सूं सूं. यात पंख्याचा काही दोष नाही, त्याला काम जास्त पडलंय. दुसरा खरखरीचा, म्हणजे बेअरिंगचा, पंख्याचा दांडा ज्यात फिरतो त्या भागाचा. तो ओळखायला तुम्ही चालू लॅपटॉप एका बाजूने सावकाश उचललात. मशीन तिरकं झालं तशी दांड्यावरच्या वजनाची दिशा बदलली आणि खरखर एकदम कमी झाली, सपाट ठेवल्यावर परत आली. नुसत्या वाऱ्याचा आवाज असा बदलत नाही. तिसरा बारीक, टोचणारा, पंख्याचा वाटतो पण पंख्याचा नसतो. बोर्डावरच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या बारीक वेटोळ्यांमधून, वीज वेगाने कमी-जास्त होते तेव्हा त्या थरथरतात आणि किरकिर करतात. पान वर-खाली सरकवलं की किंवा चार्जर लावला-काढला की आवाजाचा सूर बदलत असेल तर संशय कॉइलवर घ्यायचा, आणि तिथे पंखा साफ करून किंवा बदलून कवडीचा फायदा नाही. मला पहिले दोन होते. तिसऱ्याचा माझा टिर्र तुम्ही मशीनमधून काही निघेना म्हणून बाद केलात.

मग उघडलंत ते टास्क मॅनेजर, म्हणजे कुठलं काम किती प्रोसेसर खातंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी. तेव्हा स्क्रीनवर माझं काहीच चालू नव्हतं, तरी प्रोसेसर निम्म्याने गुंतलेला. रेकॉर्डिंगचं फोल्डर क्लाउडवर चढत होतं. एका बाजूला अँटीव्हायरस तीच नवी फाइल तपासत होता, दुसऱ्या बाजूला विंडोजचा शोध तिची नोंद घेत होता. मी वाचत असताना वाढणाऱ्या एकाच मोठ्या फाइलवर तिघे तुटून पडत होते. तुम्ही फोल्डर बदललंत, क्लाउडवर चढवणं (सिंक) रात्रीवर टाकलंत. पुढे मॅकवाल्या मित्राला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, त्याच्याकडे कर्नल_टास्क नावाचं काहीतरी प्रोसेसर खातं. तुम्हाला विचारलं तेव्हा कळलं की ते बऱ्याचदा उलटं असतं: मशीन तापल्यावर इतर कामांना प्रोसेसर मिळू नये म्हणून ते मुद्दाम जागा अडवून बसतं. तिथे गुन्हेगार शोधायचा तो उष्णतेचा.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र एका आकड्याने. पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्क्यांवर होतं, ते तुम्ही ९९ केलंत. मला ती थट्टाच वाटली. एका टक्क्याने काय होणार? तुम्ही कागदाच्या कोपऱ्यावर मांडून दाखवलंत. प्रोसेसर खातो ती वीज वाढते वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळतो तेव्हा, वेग वाढवायला व्होल्टेजही चढवावं लागतं, म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महागात पडतो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ९९ वर ठेवलं की बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतं. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, त्यांनी पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर नेऊन बघावं. आवाज रेकॉर्ड करायला प्रोसेसर लागतो कितीसा? टर्बोची गरज पडते ती शेवटी फाइल तयार करताना, आणि तेव्हा माइक बंद असतो.

त्याच कागदावर दुसरं गणितही आहे, तो कागद अजून माझ्याकडे आहे. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला की हवा तेवढ्याच प्रमाणात कमी होते, पण आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले तर कानाला आवाज अर्ध्यावर आल्यासारखा वाटतो. म्हणजे पंखा थांबवायची गरजच नाही, त्याला थोडा हळू फिरू दिलं तरी पुष्कळ. इथे माझा हट्ट तुम्ही मोडून काढलात, त्याचे आभार वेगळे. पंखा हाताने बंद करणारं एक सॉफ्टवेअर मी आणून ठेवलं होतं. तुम्ही ते टाकू दिलं नाहीत. पुष्कळ प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की स्वतःच वेग तोडतात, त्यामुळे मशीन लगेच जळणार नाही हे खरं. पण रेकॉर्डिंग मध्येच अडखळणार, आणि तोवर शेजारची बॅटरी उगीच भाजत राहणार. "त्याला बोलायचं कारण राहू देऊ नका, तो आपोआप गप्प बसेल," हे तुमचं वाक्य.

खरखर राहिली होतीच, त्यामुळे शेवटी झाकण उघडावं लागलं. तो अर्धा तास मला फार आवडला. एका पांढऱ्या कागदावर तुम्ही लॅपटॉपच्या पाठीची आकृती काढलीत आणि निघेल तो स्क्रू आकृतीतल्या त्याच जागी चिकटपट्टीखाली लावत गेलात, कारण पुढचे आखूड आणि मागचे लांब, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरच्या बाजूला उठाव येतो. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवायचं. मग पंखा.

बाहेरून जाळी लख्ख दिसत होती. तुम्ही पंख्याचं झाकण उचललंत आणि पाती व तांब्याचे पत्रे यांच्या मधल्या फटीत चिमटा घातलात. नमद्यासारखी घट्ट, राखाडी पट्टी अख्खीच्या अख्खी निघाली, तिच्यावर पत्र्यांच्या रेघा उमटलेल्या. पंखा इतके दिवस त्या पट्टीवर हवा मारत होता. बाहेरून फुंकर मारली किंवा दाबाची हवा सोडली असती तर हीच पट्टी उलटी पात्यांत जाऊन बसली असती, असं तुम्ही म्हणालात. उरलेली धूळ उडवताना पात्यांत लाकडी काडी अडकवलीत, कारण हवेच्या झोताने मोकळा पंखा त्याच्या ताकदीबाहेर गरगरतो आणि बेअरिंगचा जीव जातो. घरचा व्हॅक्युम क्लीनर तुम्ही लांब ठेवायला लावलात. त्याच्या नळीवर साठणारी स्थिर वीज बोर्डाला नको.

प्रोसेसरपासून त्या पत्र्यांपर्यंत जाणारी चपटी तांब्याची नळी मी भरीव समजत होतो. ती पोकळ असते, आत किंचित पाणी बंद केलेलं असतं आणि हवा काढून घेतलेली असते, म्हणून ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. तापलेल्या टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी होतं आणि आतल्या बारीक जाळीतून परत येतं. सगळा कारभार बिनआवाजाचा. ती नळी काढल्यावर खाली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता नळीपर्यंत पोचवणारा लेप, वाळून कडेला सरकलेली होती. वर्षानुवर्षं तापणं-निवणं चालू राहिलं की ती अशी बाहेर ढकलली जाते. ती पुसून तुम्ही नवीन लावलीत, मला अगदीच कमी वाटली. पण पेस्टचं काम फक्त दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म खाचा भरायचं आहे. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो.

पंख्यात तेल घाला असं मी म्हणालो, त्याला तुम्ही नाही म्हणालात. तेलाने काही आठवडे बरं वाटतं. पण झिजलेलं छिद्र भरून येत नाही, आणि जास्तीचं तेल उडून धूळ आणखी धरतं. त्याऐवजी जुन्या पंख्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर लिहून घेतलात, वायरींची संख्या आणि फिरण्याची दिशा ताडून पाहिलीत आणि तोच मागवलात. दिसायला जुळ्या भावासारखे पंखे उलट्या दिशेचे निघतात म्हणे.

टेबलावरची मांडणी तुम्ही शेवटी दोन वाक्यांत उरकलीत, पण रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी तीच मोलाची. मागची कड थोडी उचला, म्हणजे खालून हवा मिळेल. आणि माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, असेल तर त्याची पाठ लॅपटॉपकडे करा, कारण पाठीमागून तो सगळ्यात कमी ऐकतो. लॅपटॉपखाली ठेवायचा पंखेवाला कूलिंग पॅड मी विचारला तर म्हणालात, एका पंख्याने त्रास होतोय म्हणून आणखी दोन विकत घेणार का?

आता तुमच्याशी एक वाद. आवाज किती मोठा आहे त्याने माणूस वैतागतो, असं तुम्ही धरून चालता. मला वाटतं, खरं टोचतो तो सूर. पंख्याला ३७ पाती असतील आणि तो मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे २,४६७ वेळा एकेक पातं एकाच जागेवरून जातं. तेवढ्याच हर्ट्झची शिट्टी तयार होते. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी बोट. ॲपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये पात्यांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवलं ते यासाठीच: आवाज एका सुरात न साठता पसरावा. २०२० च्या एम१ मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच ठेवला नाही. पंखा नको असेल तर तो खरेदीच्या वेळीच टाळावा लागतो, एवढं मात्र तुमचं मान्य.

पंखा अजूनही फिरतो. उकाड्यात वाचायला बसलो की तासाभराने हलका वारा ऐकू येतो, आणि फाइल तयार होताना तो चांगला मोठ्याने बोलतो. हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी मशीन घेऊन परत धावत आलो नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो उतरत नाही. इतिहासाचं पुस्तक ऐकणाऱ्या एका मुलीने फोन करून विचारलं, "सर, खोली बदललीत का?"

आणि एक काम. आमच्या वाचक गटातल्या एका बाईंच्या लॅपटॉपला असाच आवाज येतो. मी तुमची परीक्षा घेऊन पाहिली: मशीन तिरकं केलं तरी फरक नाही, पान सरकवलं की सूर बदलतो, चार्जर काढला की जवळजवळ थांबतो. त्यांना कोणीतरी पंखा बदलायला सांगितलं होतं, मी थांबवलंय. शनिवारी त्यांना घेऊन येतो. चार्जरही आणायला सांगितलाय.

तुमचा ऋणी,
पाठ्यपुस्तकं वाचणारा