अख्खी सात मिनिटे ऐकून घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, पुढे काय केलंत ते सांगा" म्हणून विषय तोडता, आणि घरी येऊन मानावेत तर काकू पोह्यांची बशी पुढे करतात आणि बोलणे तिथेच राहते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. नाव घालायचे नाही, ही तुमची अट पाळली आहे. कोपरखैरण्यात राहणारे आणि नाटकांच्या ध्वनीची बाजू सांभाळण्यात हयात घालवलेले एक गृहस्थ, एवढी ओळख वाचकांना पुरे. गडकरी रंगायतनात किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसूनही ज्यांना संवादाचा शब्द न् शब्द ऐकू आला, त्यांच्यापैकी अनेकांवर तुमचे उपकार आहेत आणि त्यांना ते ठाऊकही नाहीत. मला ठाऊक आहेत, म्हणून निदान मी तरी ते जाहीरपणे मानते.

मी ठाण्यात चरईत राहते, बँकेत नोकरी करते आणि भजनी मंडळात लहानपणापासून हार्मोनियमची साथ करते. घरी बसून संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत करावे, असे चाळिशी उलटल्यावर माझ्या मनाने घेतले, आणि सॉफ्टवेअर कोणते, उपकरणे कोणती, हे विचारायला मी बाजारात निघाले. तिथे जो अनुभव आला तो थोडक्यात सांगते, कारण त्यावाचून तुमच्या वागण्याचे मोल कळणार नाही. पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी "मुलासाठी घेताय का?" हा होता आणि दुसरा "बजेट किती?" हा. बजेटचा आकडा सांगितला की त्याच्या दीडपट किमतीची यादी तयार होई. आठ इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (वाद्य किंवा माईक संगणकाला जोडणारी डबी), आठ इंची स्टुडिओ स्पीकरांची जोडी, भिंतींना चिकटवायचा इंचभर जाडीचा फोम, आणि कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो म्हटल्यावर "लॅपटॉप बदला, लाखभर रुपये जातील" हा सल्ला. एका क्लासच्या चालकांनी तर महागडे सॉफ्टवेअर "क्रॅक करून टाकून देतो" असे इतक्या सहज सांगितले, की जणू मिसळीबरोबर जादा पाव देत होते. या सगळ्यांत एकानेही मला काय करायचे आहे, हे विचारले नाही. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते. अर्जदाराला कर्ज कशासाठी हवे आहे हे न विचारता रक्कम लिहिली, तर माझी नोकरी जाईल.

भजनी मंडळातल्या एका बाईंनी तुमचे, म्हणजे त्यांच्या थोरल्या दिरांचे, नाव सुचवले तेव्हा मी फारशी आशा न ठेवता आले होते, आणि तुम्ही काही बोलायच्या आत उपकरणांची यादी तुमच्यापुढे धरली होती. तुम्ही ती यादी घडी घालून टेबलावर ठेवलीत, वर चष्म्याचे घर ठेवलेत आणि म्हणालात, "ताई, आधी तुमचं काही केलेलं असेल तर ऐकवा."

माझ्याजवळ एकच तुकडा होता, एका मोफत सॉफ्टवेअरवर कसाबसा जुळवलेला, सात मिनिटांचा. तुम्ही स्वतःचे हेडफोन आणलेत, मोबाईल उलटा करून बाजूला सारलात आणि डोळे मिटून ऐकायला बसलात. पहिल्या मिनिटानंतर तुम्ही हेडफोन काढाल आणि "छान आहे" म्हणाल, अशी मी तयारी ठेवली होती, कारण माझ्या घरच्यांनीही ते तेवढेच ऐकले होते. दारावरची बेल वाजली, काकू उठल्या, कुरियरवाल्याशी बोलल्या, परत आल्या. तुम्ही हलला नाहीत. मांडीवर तर्जनी तेवढी लयीत पडत होती, आणि जिथे माझी लय खरोखरच घसरते तिथे ती अधांतरी थांबली आणि पुढच्या समेला पुन्हा पडली. तुकडा संपला, शेवटचा आवाज विरला, तरी तुम्ही क्षणभर तसेच बसलात. मग विचारलेत, "तिसऱ्या मिनिटाला खालून एक घुमारा सुरू होतो, तो कशाचा आहे?"

काका, तुम्ही मला पुढे जे जे सांगितलेत ते सगळे उपयोगाचे ठरले. पण तुम्ही काहीच सांगितले नसते आणि एवढा प्रश्न विचारून मला परत पाठवले असते, तरी मी हे पत्र लिहिलेच असते.

तो घुमारा आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा होता, जिन्याखाली मोबाईल धरून घेतलेला. तुम्ही हसला नाहीत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, मोटारीचे लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढले जाते, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची, असे तुम्ही सांगितलेत आणि कोपऱ्यातली पेटी पुढे ओढून मंद्रातली पांढरी पाच दाबलीत. तो स्वर ९८ हर्ट्झचा. पंप त्याच्याहून थोडा चढा, साधारण ३५ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. माझ्या तुकड्यात काहीतरी खुपते आहे हे मला जाणवत होते, पण काय ते सापडत नव्हते. त्यावर तुमचा उपाय असा की पंपाला सुरात आणण्यापेक्षा सगळ्या सुरांना पंपाशी जुळवावे: सिंथची, म्हणजे संगणकातून स्वर काढणाऱ्या वाद्याची, पट्टी ज्या स्वरावरून मोजतात तो ४४० हर्ट्झवरून ४४९ वर न्यावा आणि हार्मोनियमचे ध्वनिमुद्रण तेवढेच वर सरकवावे. तंबोरा जुळवून मग गळा त्याला लावणे, हेच तर आपण पिढ्यानपिढ्या करत आलो. त्या रात्री मी तसे करून ऐकले आणि पंप पहिल्यांदा षड्जासारखा वाटला.

लॅपटॉपचे प्रकरण तर तुम्ही चहा निवायच्या आत मिटवलेत. कळ आणि आवाज यांतले अंतर बफरमुळे, म्हणजे आवाजाचे नमुने पुढे जाण्याआधी जिथे साठतात त्या जागेमुळे, पडते, आणि १०२४ नमुन्यांचा बफर सेकंदाला ४४,१०० च्या गतीने भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, तर १२८ चा बफर जेमतेम ३ मिलिसेकंदांत भरतो, हे गणित तुम्ही कागदावर मांडलेत. मला ते कळले असे मी म्हणाले नसते. पण तुम्ही लगेच म्हणालात, की ३ मिलिसेकंदांत आवाज हवेतून एक मीटर जातो, म्हणजे शेजारी बसलेल्या तबलजीचा ठेकाही तुमच्या कानापर्यंत तेवढ्याच उशिराने येतो, आणि २३ मिलिसेकंद म्हणजे त्याला आठ मीटर लांब नेऊन बसवणे. साथ करणाऱ्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. लॅपटॉपमधल्या ध्वनियंत्रणेला एवढा लहान बफर पेलत नव्हता; आसिओ ड्रायव्हर (संगणक आणि इंटरफेस यांची थेट गाठ घालून देणारा प्रोग्रॅम) असलेला साधा इंटरफेस जोडल्यावर त्याच जुन्या यंत्राने तो पेलला. लाखभर रुपयांचा लॅपटॉप दुकानातच राहिला.

यादीचे काय झाले, हे वाचकांपैकी कोणी त्याच वाटेवर असेल तर त्याच्यासाठी लिहिते. दिनदर्शिकेचे उलटलेले पान घेऊन तुम्ही मधोमध रेघ मारलीत. वर "आता", खाली "नडले तरच". वरच्या भागात तीनच गोष्टी आल्या. दोन इनपुटांचा इंटरफेस ("एक पेटी, एक पंप, आठ इनपुट कुणासाठी?"), कान पूर्ण झाकणारे क्लोज्ड-बॅक हेडफोन, आणि ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, संगणकातला सिंथ वाजवायचा), कारण तीन-साडेतीन सप्तकांच्या पेटीवर फिरलेल्या हाताला २५ पट्ट्यांत कोंडल्यासारखे होते आणि ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड माझ्या खोलीत आडवा ठेवायला जागा नाही. स्पीकर रेघेखाली गेले. दहा बाय दहाच्या चौकोनी खोलीत लांबी आणि रुंदी दोन्हीकडून ५७ हर्ट्झच्या आसपासचा एकच खर्ज फुगतो, तिथे आठ इंची स्पीकर बसवणे म्हणजे पैसे देऊन खोटे ऐकणे, असे तुमचे शब्द होते. फोम तर रेघेखालीही आला नाही. इंचभर फोम टाळीची किणकिण शोषतो, पण खर्जाच्या लाटेला तो जाणवतसुद्धा नाही, आणि माझ्या खोलीत गाद्यांची चळत आणि पुस्तकांचे कपाट आधीच बरे काम करत आहेत.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत तुम्ही कोणाची तळी उचलली नाहीत. ज्याला तुकडे फिरवत फिरवत रचना सुचते त्याला एबलटन लाइव्ह सोपे जाते, ठेक्यापासून सुरुवात करणाऱ्याला एफएल स्टुडिओ आवडते, हे सांगून, पेटी सलग वाजवून मग कापाकापी करण्याच्या माझ्या सवयीला रीपर बरे पडेल असे सुचवलेत. ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते, आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. "पैसे भरा बरं का, ज्यांनी बनवलं त्यांनाही घर आहे," हे तुम्ही जाता जाता बोललात. क्लासचालकांनी हे वाचावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आणि सर्ज! हा सिंथ फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि त्यात हवी ती स्वरांतरे बसवता येतात, हे मला दुसऱ्या कोणी सांगितले नव्हते. हार्मोनियमवाल्यांची ठसठस तुम्हाला ठाऊक आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत आमच्या वाद्याला दाराबाहेर ठेवले, त्याची कारणे दोन सांगितली जात: पट्ट्यांचे स्वर समान अंतराचे, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, निघत नाही. सर्जमध्ये तुम्ही शुद्ध गंधार १४ सेंट खाली उतरवलात, कीबोर्डवरच्या पिच बेंडच्या, म्हणजे सूर वरखाली ओढणाऱ्या, चाकाची मर्यादा दोन अर्धस्वरांवरून सातावर नेलीत, आणि मला म्हणालात, "आता मागा आकाशवाणीकडे कार्यक्रमाची वेळ." मी त्या गंधारावर किती वेळ बोट ठेवून बसले होते, ते काकूंना विचारा.

माझ्यासारख्या माणसांना हे संगीत शोभत नाही, असे सुचवणारेही मला भेटले होते. "रागदारी आणि मशीन यांचं जमत नाही, मॅडम," असे एका काउंटरवरून ऐकले होते. तेव्हा उत्तर सुचले नव्हते, ते तुम्ही पुरवलेत. १९८२ साली याच मुंबईत चित्रपटसंगीतात साथ करणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्ये घेऊन रागांवर अख्खी तबकडी केली. बास गिटारवाल्याची जागा घ्यायला काढलेली ती ३०३ बाजारात चाललीच नाही. शिकागोच्या मुलांनी तिच्यातून वेगळेच संगीत काढले ते त्यानंतर. मोठमोठ्या दुकानांत उभ्या असलेल्या तज्ज्ञांना हे माहीत नसावे किंवा सांगण्यात फायदा दिसला नसावा. सभ्यपणा ही काही महागाची वस्तू नाही, काका. समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायला तुम्हाला ना इंटरफेस लागला ना परवाना. तुमच्या क्षेत्रात पडद्यामागे अंधारात उभे राहून दुसऱ्याचा आवाज नीट पोहोचवणारी माणसे आहेत, आणि ती पडदा पडल्यावर नमस्काराला पुढे येत नाहीत. त्यामुळेच बहुधा काउंटरमागच्या आत्मविश्वासाचा एवढा बोलबाला होतो.

एक विनंती मात्र आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत जुना पंप काढून नवा, कमी आवाजाचा बसवण्याचा ठराव आला. विरोधात मत माझे एकटीचे होते. सचिवांनी कारण विचारले, मी ते सांगितले आणि त्यांनी ते इतिवृत्तात लिहायचे टाळले. दिवाळीआधी पंप निघेल. त्याआधी तो मोबाईलपेक्षा बऱ्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवा. तुमच्याकडचा पाइपला चिकटवायचा तो पायझो माईक उसना मिळेल का? सकाळी सहाला पाणी चढवतात. रविवारी आलात तर जिन्याखाली दोन खुर्च्या टाकून ठेवते.

आपली,
चरईतली हार्मोनियमवाली