गिटारला कानस लावण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वेंगुर्ल्यात मी बरीच वर्षे मुलांना गिटार शिकवतो. दर वर्षी आषाढ लागला की माझ्याकडे एकच तक्रार येऊ लागते: इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की स्वच्छ सुराऐवजी झणझण ऐकू येते. पालकांना वाटते वाद्यच खराब निघाले, मुलांना वाटते आपली बोटे चुकतात, आणि वाद्य दुरुस्तीला नेले की पुष्कळदा तिथे सर्वांत आधी कानस बाहेर निघते. या कानशीबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते, कारण कानशीने घासून गेलेले परत येत नाही आणि बहुतेक वेळा तिची गरजच नसते.

तार झणझणते म्हणजे कंप पावताना ती पुढच्या एखाद्या फ्रेटच्या, म्हणजे दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या कांडीच्या, माथ्याला घासते. तंबोऱ्यात हे आपण मुद्दाम घडवून आणतो. घोडीच्या पसरट माथ्यावर तार अलगद टेकत राहावी म्हणून तिच्याखाली सुताचा धागा सरकवतो आणि जवारी लागली की समाधान पावतो. गिटारच्या तारेला मात्र फ्रेटवरून मोकळी वाट लागते, आणि ती मिळावी म्हणून नेक, म्हणजे गिटारची दांडी, अगदी सरळ न ठेवता तारांच्या ओढीच्या दिशेने किंचित बाकदार ठेवतात. हा बाक सातव्या-आठव्या फ्रेटपाशी मोजला तर साधारण ०.२५ मिलिमीटर भरतो.

आपली हवा बिघडवते ते नेमके एवढेसे अंतर. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. ज्या दमटपणाने घराची दारे फुगून चौकटीत अडकतात, तोच नेकच्या लाकडातही शिरतो आणि नेक कधी पुढे, कधी मागे झुकते. याची सोय वाद्यातच केलेली असते. नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते आणि तिचे टोक अ‍ॅलन कीने (षट्कोनी किल्लीने) फिरवून बाक कमी-जास्त करता येतो. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना अशा सळईचे पेटंट १९२३ साली मिळाले. म्हणजे हा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे.

गेल्या जुलैत नववीतल्या एका विद्यार्थ्याची गिटार माझ्याकडे आली. सहाव्या तारेवर पहिल्या चार फ्रेटवर झणझण होती, म्हणून शहरातल्या एका दुकानात नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा ‘साफ’ करून दिल्या होत्या. त्यामुळे तार आणखी खाली बसली आणि पूर्वी नीट वाजणारी मोकळी तारसुद्धा झणझणू लागली. मी तारा सुरात लावल्या, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली आणि सातव्या फ्रेटपाशी पाहिले: तार फ्रेटवर चक्क टेकली होती, बाक उरलाच नव्हता. ट्रस रॉड पाव फेरा सैल केला, गिटार रात्रभर तशीच ठेवली, सकाळी पुन्हा सुरात लावून आणखी थोडा सैल केला, तेव्हा ०.२५ मिलिमीटरची पट्टी तारेला जेमतेम स्पर्श करत सरकली. दाबलेले सूर स्वच्छ झाले. मोकळ्या तारेची झणझण मात्र गेली नाही. खोल घासलेला नट बदलावाच लागला आणि तो भुर्दंड त्या मुलाच्या घरच्यांना पडला.

ही पट्टी फिलर गेजची, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्यातली असते. मोटारसायकलचे टॅपेट बसवायला हेच गेज वापरतात, त्यामुळे ते आपल्या गावातल्या कोणत्याही गॅरेजात पाहायला मिळेल.

झणझण कुठे आहे यावरून कारण पुष्कळसे कळते. पहिल्या काही फ्रेटवर असेल तर नेक फार सरळ किंवा उलटी वाकलेली असते. बाराव्या फ्रेटच्या पुढे असेल तर ब्रिजवरची (गिटारच्या घोडीवरची) सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते छोटे तुकडे, खाली बसलेली असतात. फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नट पाहावा. आणि एकाच जागी असेल तर तिथून पुढचा एखादा फ्रेट वर उचललेला असतो. कानशीचे काम असलेच तर या शेवटच्या प्रकारात, तेही उचललेला फ्रेट नीट बसवून पाहिल्यानंतर. खाऱ्या हवेने सॅडलचे बारीक स्क्रू गंजतात, म्हणून ते जोर लावून न फिरवता आधी तेलाचा थेंब सोडावा. अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारी आणि तारांना हात लावताच थांबणारी घरघर हा निराळा विषय आहे. तिथे वायरमनकडून घरातले अर्थिंग तपासून घ्यावे.

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाद्यविक्रेत्यांना माझी विनंती आहे की, गिटार ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तिची नेक तपासावी आणि सोबत त्या ट्रस रॉडला बसणारी अ‍ॅलन की न विसरता द्यावी. माझ्या शिक्षकबंधूंनी ही मोजणी मुलांना पहिल्याच वर्षी शिकवावी, आणि पाऊस स्थिरावल्यावर एकदा व दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पुन्हा एकदा, प्रत्येकाकडून ती करून घ्यावी.

आपला,
एक गिटारशिक्षक, वेंगुर्ले