थंड आरशांवरचा बर्फ हा केवळ ‘बिघाड’ नव्हे

महोदय,

जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या युक्लिड या युरोपीय दुर्बिणीत पोहोचणारा ताऱ्यांचा प्रकाश हळूहळू घटत असल्याचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्षात आले. तिच्या प्रकाशमार्गात काही नॅनोमीटर जाडीचा बर्फ धरला होता. या घटनेला सरसकट ‘बिघाड’ म्हटले जाते, ते मला पटत नाही.

दुर्बिणीची जुळणी पृथ्वीवरच्या हवेत होते. कितीही स्वच्छ कक्षात ती केली, तरी उष्णतारोधक आवरणाचे पदर हवेतले बाष्प शोषतातच, आणि निर्वातात गेल्यावर ते महिनोन्महिने सुटत राहून थंड पृष्ठभागांवर गोठते. युक्लिडचे आरसे उणे १४७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतात. उड्डाणानंतर दुर्बीण तापवून बरेच बाष्प घालवले होते, तरी काही उरलेच.

संपूर्ण यान पुन्हा तापवणे हा सर्वांत सरळ उपाय होता. परंतु तसे केल्यास सांगाडा प्रसरण पावतो आणि थंड झाल्यावर तंतोतंत पूर्वस्थितीत येईलच असे नसते, तर आकाशगंगांच्या आकारांतील अतिसूक्ष्म फरक मोजणाऱ्या दुर्बिणीला आरशांची जुळवणी किंचितही हललेली चालत नाही. म्हणून मार्च २०२४ मध्ये एकेक आरसा स्वतंत्रपणे तापवायचे ठरले. पहिलाच आरसा केवळ ३४ अंशांनी, म्हणजे उणे ११३ अंशांपर्यंत तापवताच १५ टक्के अधिक प्रकाश येऊ लागला! पंधरा लाख किलोमीटर दूर, जिथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही, तिथे हे साधले ते आरसे वेगवेगळे तापवण्याची सोय यानावर होती म्हणून. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या बाबतीतही, ती थंड होत असताना उपकरणे हीटरने मुद्दाम उबदार ठेवली होती, जेणेकरून बाष्प त्यांच्यावर गोठू नये.

आपल्याकडे ॲस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीचे आरसे इतके थंड नसतात, पण अतिनील किरणांना दूषित पदार्थांचा पातळ थरही अडवतो. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचा सहभाग असलेल्या या दुर्बिणीची झाकणे, यानातून सुटणारे असे पदार्थ आरशांवर बसू नयेत म्हणून, सप्टेंबर २०१५ मधील उड्डाणानंतर दोन महिने थांबून, ३० नोव्हेंबरला उघडली गेली. हा संयम मला उड्डाणाइतकाच मोलाचा वाटतो.

यापुढे अंतराळ दुर्बिणींच्या बातम्या देताना अग्निबाणाबरोबरच स्वच्छ कक्ष, हीटर आणि झाकणे सांभाळणाऱ्यांच्या कामालाही आपण जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे