बेंडिगोच्या काकांना, गारगोटी फोडणाऱ्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

मेलबर्नहून शनिवार-रविवारी ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो, कॅसलमेन या जुन्या सोन्याच्या गावांकडे सोनं शोधायला हातोडी घेऊन येणाऱ्या आम्हा मराठी मंडळींकडून हे आभाराचं पत्र. दहा वर्षांचा ‘मायनर्स राइट’, म्हणजे सोनं शोधण्याचा परवाना, कुणालाही काढता येतो. हाती आलेल्या दगडाचं करायचं काय, ते मात्र तुम्ही शिकवलंत.

पांढरीशुभ्र, काचेसारखी गारगोटी, म्हणजे गार, बहुतेकदा सोन्याविना रिकामी निघते. तुम्ही बघायला लावलीत ती गंजाने माखलेली, भोकाभोकांची, स्लेट आणि वालुकाश्माच्या सांध्यावरची. भोकं पडतात ती पायराइट, म्हणजे सोन्यासारखं चमकणारं लोह-गंधकाचं खनिज, कुजून गेल्यामुळे. सोनं कुजत नाही, ते तिथेच राहतं. चकाकणाऱ्या कणात सुई खुपसायची. सोनं दबतं, पायराइटचा काळपट भुगा होतो. मेटल डिटेक्टर गप्प राहिला तरी दगड टाकायचा नाही, कारण बारीक विखुरलेलं सोनं त्याला ऐकूच येत नाही.

सगळ्यात मोठे आभार मात्र ‘आधी काटा, मग खल’ या तुमच्या हट्टाबद्दल. सोनं दिसणारा दगड फोडला की नमुना म्हणून त्याची किंमत संपली. म्हणून कोरडा दगड आधी तोलायचा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करायचा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला किंवा काठाला न टेकवता. ग्रॅममध्ये येईल तो आकडा म्हणजेच घनसेंटीमीटरमध्ये आकारमान. कोरड्या वजनाला १.१६ ने गुणा, त्यातून आकारमानाची ३.०७ पट वजा करा. १०० ग्रॅमचा दगड ३५ दाखवत असेल तर ११६ वजा १०७.५, म्हणजे साधारण साडेआठ ग्रॅम सोनं. आकारमान एका घनसेंटीमीटरने चुकलं तर हिशेब तीन ग्रॅमने चुकतो. भोकांत अडकलेली हवा सोनं कमी दाखवते, म्हणून दगड आधी साबणाच्या थेंबाच्या पाण्यात भिजवायचा. लोहमिश्रित दगड उलट जास्त दाखवतो. तिथे हे गणित धरायचंच नाही.

ज्यात सोनं दिसत नाही तोच दगड कुटायचा. प्रत्येक जागेचा बरोबर एक किलो, नाहीतर निघालेल्या सोन्याच्या कणांची तुलना होणार कशी? बिडाच्या खलात पाणी शिंपडत कुटून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचं. कोरडं कुटलं तर सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून मास्क हवाच. दोन नमुन्यांच्या मध्ये मूठभर रिकामी गार कुटून खल साफ करायचा, कारण सोनं लोखंडाला चोपडलं जातं आणि पुढच्या नमुन्यात उतरतं. मग पाटीत धुणं, आपल्याकडचे झारेकरी सराफकट्ट्यातली माती धुतात तसंच.

दगड भाजून पाण्यात टाकला की ठिसूळ होतो, हे खरं. पण हातोडी मारताच लसणासारखा वास आला तर त्यात आर्सेनोपायराइट हे आर्सेनिकचं खनिज आहे आणि भाजताना आर्सेनिकचा धूर निघतो. तुम्ही शेगडीच बंद करायला लावलीत, बरं केलंत. जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतही तेच विष असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा तुमचा दंडक आम्ही पाळतो. खणलेला खड्डा बुजवतोही.

तुमची चाळणी आमच्याकडेच आहे. जाळी एका कोपऱ्यात सैल झाली होती, ती बदलून येत्या शनिवारी पोचवतो.

तुमची,
शनिवारची मंडळी